अकरा फ्लॉप्यांत काकू

माझा काका लिफ्टचा मेकॅनिक होता. होता म्हटलं की लोक हळहळायला लागतात, म्हणून आधीच सांगते, काका ठणठणीत आहे, नुसता निवृत्त झालाय. आजही कुठल्या इमारतीत शिरला की आधी लिफ्टचा आवाज कान देऊन ऐकतो आणि मग ज्यांच्याकडे आलाय त्यांची विचारपूस करतो. नोकरीत असताना त्याचा एक नियम होता. लिफ्ट दुरुस्त झाली की हत्यारं पिशवीत भरण्याआधी तो स्वतः आत शिरायचा आणि तळमजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत जाऊन परत खाली यायचा. साहेब घड्याळ बघत उभा असला तरी ही फेरी चुकायची नाही. "वर-खाली जाऊन आलो," असं काकाने म्हटलं की समजायचं, काम झालं. घरात नळाचा वॉशर बदलला तरी तो हेच म्हणायचा.

अख्ख्या आयुष्यात एकदाच तो ही फेरी मारायला विसरला. तेव्हा मी तिथे होते. नुसती होते असंही नाही, प्लगला हात माझाच लागला.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा फोन म्हणजे फक्त फोन होता. बोलायचं आणि ठेवायचं, त्याच्यात गाणी-बिणी काही मावत नसत. मी नुकतीच संगणकाच्या कंपनीत लागले होते आणि पहिला लॅपटॉप काखोटीला मारून नातेवाइकांत मिरवत होते. काका मला कॉम्प्युटरीण म्हणायचा. मला राग यायचा, पण आतून बरंही वाटायचं.

काकाचा अर्धा जीव लिफ्टमध्ये आणि उरलेला अर्धा कीबोर्डमध्ये होता. सुट्टीच्या दिवशी तो एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. पुढे गाणारे आपापल्या संसाराला लागले, ऑर्केस्ट्रा मोडला, आणि त्यांचं मोठं कीबोर्ड काकाच्या घरी मुक्कामाला आलं. त्याला नुसतं कीबोर्ड म्हटलेलं काकाला चालत नसे. ते वर्कस्टेशन होतं. ड्रम, गिटार, व्हायोलिन सगळं त्याच्या पोटात, एकावर एक रचून पूर्ण गाणं त्याच्यातच बांधायचं. पत्त्यांच्या जोडाएवढा पडदा, उजव्या अंगाला फ्लॉपी सरकवायची फट, आणि मागे माइक लावायचं भोक. माइकात काही बोललं की तो आवाजाचा तुकडा एका पट्टीवर जाऊन बसायचा. मग ती पट्टी दाबली की आवाज वाजायचा.

घरात दोन स्टेशनं झाली, असं काकू म्हणायची. कारण ती एस.टी.च्या एका मोठ्या बसस्थानकावर निवेदिका होती. काचेची केबिन, वाकड्या मानेचा माइक, समोर गाड्यांच्या वेळांचा तक्ता आणि कोमट पाण्याचा पेला. तिथे बसून सव्वीस वर्षं ती सांगत होती की कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे. आवाज असा की गाडी दोन तास उशिरा येणार हे ऐकूनसुद्धा माणूस चिडायच्या ऐवजी बाकावर टेकायचा. घरी मात्र तोच आवाज वेगळ्याच कामाला. "अहो, ओला टॉवेल पलंगावर!" हे वाक्य तर समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही पाठ होतं.

आणि काकूचं एक गाणं होतं. माझी चुलतबहीण, म्हणजे ताई, तान्ही असताना झोपायची नाही. काकू दिवसभर थांब्यांची नावं घेऊन घरी यायची, डोक्यात तेच फिरत असायचं. तिने त्याचंच अंगाईगीत केलं.

"पाण्याची टाकी राहिली मागं,
शाळेची भिंत आली गं,
जुन्या पुलावर हळूहळू
गाडी झोपेत गेली गं."

असे एकेक थांबे घेत गाणं शेवटच्या थांब्यावर यायचं. "शेवटचा थांबा आईचा खांदा, उतरायची घाई कोणाला?" ताई कधी जुन्या पुलाच्या पुढे जागी राहिली नाही. मीही त्याच गाण्यावर झोपलेय, सुट्टीत काकूकडे राहायला गेले की.

त्या वर्षी ताईला दिवस गेले होते. ती दूर, विमानाने जावं लागतं अशा गावी. तिने फोनवर सांगितलं, "आई, तू यायच्या आधी तुझं गाणं पाठव. बाळाला तुझ्याच आवाजात पाहिजे." काकू हो म्हणाली आणि नेहमीप्रमाणे पुढे ढकलत बसली. टेपरेकॉर्डर होता, पण त्याने मागच्याच वर्षी शेवटची कॅसेट गिळून प्राण सोडला होता.

मग काकूच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या, स्पष्ट बोलायच्या. गाठ साधी दिसतेय, पण काढायला हवी. आवाजाची नस तिथूनच जाते. आम्ही जपूनच काम करतो, बहुतेकांना काही होत नाही, काहींचा आवाज थोडा बदलतो. काकूने विचारलं, "थोडा म्हणजे किती?" त्या म्हणाल्या, "ते आधी सांगता येत नाही." ऑपरेशनचा दिवस ठरला मंगळवार. सोमवारी दुपारी चारला दाखल व्हायचं. हातात नऊ दिवस होते.

काकाने घरी आल्याआल्या वर्कस्टेशनवरची चादर काढली. "गाणं रेकॉर्ड करायचं," एवढंच म्हणाला. काकूला काही बोलायचं होतं, पण त्याचा चेहरा बघून तिने तक्रार न करता कोमट पाणी प्यायला घेतलं. त्या घरात हे सहसा घडत नसे.

मी अर्थातच लॅपटॉप घेऊन धावले. या बाबतीत मीच शहाणी, असं मला ठाम वाटत होतं. तार जोडली, काकूला हेडफोन दिला, म्हटलं, गा. काकू दोन ओळी गायली आणि थांबली.

"अगं, कोणीतरी मागून माझी नक्कल करतंय."

तिचाच आवाज तिच्या कानात पाव सेकंद उशिरा पोचत होता. मी सेटिंग बदललं तर आवाज फाटायला लागला. पुन्हा बदललं तर पडद्यावर एक चौकट आली आणि विचारायला लागली, तुम्हाला खरंच हे बंद करायचं आहे का. मी नाही म्हटलं तरी ते बंद झालं.

काका खुर्चीत बसून शांतपणे बघत होता. "हे मशीन फार विचारतं गं," तो म्हणाला. "लिफ्ट कधी विचारते का, तुम्हाला खरंच तिसऱ्या मजल्यावर जायचंय का म्हणून?"

"काका, जरा अपडेट केलं की होईल."

"तू कर अपडेट. तोवर आम्ही गातो."

मला भयंकर झोंबलं. मी लॅपटॉप मिटून कोपऱ्यात बसले आणि मनातल्या मनात म्हटलं, करा काय करायचंय ते, शेवटी माझ्याकडेच याल.

काकाची पद्धत बघण्यासारखी होती. वर्कस्टेशनची सगळी स्मृती मिळून तीन मिनिटं आणि थोडे सेकंद एवढाच आवाज मावत होता. त्यामुळे आधी त्याने वाद्यांचं गाणं बांधून ठेवलं, आणि मग काकूने एकेक ओळ वेगळी गायची, ती ओळ एका पट्टीवर ठेवायची, असं ठरलं. प्रत्येक पट्टीवर त्याने पांढरी चिकटपट्टी लावून आकडा लिहिला. मी विचारलं, हे काय? "मजले," तो म्हणाला. "तळमजला, पहिला, दुसरा. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून. म्हणजे बाईसाहेब कुठल्या मजल्यावर आहेत ते कळेल."

पहिल्या दिवशी फक्त चाचणी. काकू माइकसमोर उभी राहिली आणि सव्वीस वर्षं माइकवर बोलणारी ही बाई चक्क बावरली. "एक, दोन, तीन," म्हणाली. मग थोडं थांबून, "अहो, आवाज येतोय का?" आणि लगेच खरा सूर लागला, "आधी तो पंखा बंद करा, सगळं फडफडतंय!"

काकाने ते जसंच्या तसं घेतलं होतं. त्याने मधली पट्टी दाबली आणि मशीन काकूच्या आवाजात म्हणालं, "अहो, आवाज येतोय का? आधी तो पंखा बंद करा." काकूने दचकून पंख्याकडे बघितलं. तो केव्हाच बंद झाला होता.

मग काकाला पोरकटपणा सुचला. चाचणीचा तुकडा सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला होता, वरची पट्टी दाबली की तोच आवाज चढा आणि भराभर, खालची दाबली की जाड आणि सावकाश. त्याने सहा मजले वर जाऊन बोट ठेवलं. बालवाडीतली मुलगी चिरकली, "अहो, आवाज येतोय का?" बारा मजले खाली गेला तर एखादा झोपाळू पहारेकरी पंखा बंद करायला सांगू लागला. काकू हसून हसून खाली बसली. मीसुद्धा रुसवा विसरून हसले. त्या दिवशी पुढे काही रेकॉर्ड झालं नाही. काकाने तेवढा चाचणीचा तुकडा एका फ्लॉपीवर ठेवला आणि वर लिहिलं, "चाचणी, पंखा."

पुढचे सात दिवस दुपारी दोन ते चार रेकॉर्डिंग. तळमजल्यावर सुताराचं दुकान होतं आणि तो जेवून या वेळात डुलकी काढायचा, म्हणून तेवढीच शांतता. काकाने रजाच टाकली होती, काकू मात्र डबल ड्यूटी करत होती, सकाळी ते स्टेशन, दुपारी हे स्टेशन. एक ओळ पाच-सहादा तरी व्हायची. काका आवाज कापून-बिपून नीट करायच्या भानगडीत पडत नसे. चुकलं की पुन्हा गा. "तुकडे जोडून लिफ्टची दोरी करतात का?" असं विचारायचा. आठव्या दिवशी, रविवारी, गाणं पूर्ण झालं. पट्ट्या आपापल्या वेळेला वाजायच्या आणि काकू ओळीमागून ओळ गात जायची, मागे व्हायोलिन, आणि जुना पूल आला की ड्रम हलके होत जायचे. मी ऐकलं आणि मान्य करून टाकलं. लॅपटॉपवर हे माझ्याच्याने झालं नसतं.

वर्कस्टेशन आठवडाभर बंद केलंच नव्हतं, कारण बंद केलं की त्याच्या पोटातला सेव्ह न केलेला आवाज पुसला जायचा. काकाने स्विचवर पुठ्ठा चिकटवला होता, "हात लावू नये." रविवारी गाणं झाल्यावर त्याने फ्लॉपी घालून सेव्ह केलं, पुठ्ठा काढला, आणि चहाला बसला.

सोमवारी दुपारी तीनला मी पोचले. काकूची पिशवी दाराशी भरून ठेवलेली, टॅक्सी सांगून ठेवलेली. गाणं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं आणि सीडी करून ताईला पाठवायची, हे काम माझं होतं. शेवटी माझ्याकडे आलात ना, असा तोरा होताच. लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती. खोलीत प्लग एकच.

"काका, सेव्ह केलंय ना?"

"कालच केलंय. एका फ्लॉपीत मावलं."

मी चालू वर्कस्टेशनचा प्लग काढला आणि माझा लावला. एका फ्लॉपीत अडीच मिनिटांचा आवाज मावूच शकत नाही, हे मला कळायला हवं होतं. माझा धंदाच तो. पण तेव्हा मी चार्जरचा हिरवा दिवा लागतोय का तेवढंच बघत होते.

नंतर एक्स्टेन्शनची वायर आणून वर्कस्टेशन पुन्हा सुरू केलं. काकाने फ्लॉपी घातली, गाणं वाजवलं. व्हायोलिन आलं. ड्रम आले. काकूची ओळ यायच्या जागी काहीच आलं नाही. व्हायोलिन पुढे गेलं, पाण्याची टाकी गेली असणार, शाळेची भिंत गेली असणार, जुन्या पुलाशी ड्रम हलके झाले, आणि सगळीकडे तिच्या जागा तेवढ्या रिकाम्या.

त्या मशीनमध्ये सेव्ह दोन प्रकारचं होतं. एक गाण्याचं, त्यात कुठली पट्टी कधी वाजवायची एवढंच लिहिलेलं. दुसरं आवाजाचं, वेगळं, त्याला दहा फ्लॉप्या लागल्या असत्या. चाचणीच्या वेळी काकाने आवाजाचं केलं होतं. गाण्याच्या वेळी गाण्याचं केलं, आणि गाणं म्हटलं की गाणारी त्यात आलीच, असं धरून चालला.

माझ्या पाचावर धारण बसली. "काका, मी प्लग काढला…"

"तू नाही." काका पडद्याकडे बघत होता. "लिफ्ट दुरुस्त केली की मी वर-खाली जातो. काल बंद करून चालू करून बघितलं असतं, तर कालच कळलं असतं. मी फेरी मारली नाही." काकाला मी असं कधी पाहिलं नव्हतं आणि मला रडू फुटलं.

खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला. मी म्हटलं, "काकू, पटकन एकदा गा. नुसतं गा, ताल-बिल राहू दे." काका माइक शोधायला धावला. काकू माइकसमोर उभीही राहिली. तोंड उघडलं, आणि मिटलं.

"नको," ती म्हणाली. "घाईत गायलेल्या अंगाईने कुठलं पोर झोपतं? चला. आले की गाईन."

"आणि आवाज…" काका म्हणाला.

"आवाज नाही आला तर तुम्ही गा. पोर घाबरून झोपेल." आणि पिशवी त्याच्या हातात देऊन ती जिना उतरायला लागली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निरुपद्रवी निघाली. पंधरा दिवस बोलायचं नाही, असा हुकूम होता. काकूने पाटी घेतली. पाटीवर पहिलं वाक्य काय लिहिलं असेल? "ओला टॉवेल." काकाने ती पाटी आणखी एक दिवस पुसू दिली नाही.

आवाज आला तो जाडसर. घोगरा नव्हे, पण उतरलेला, आणि बोलण्याची गतीही जरा मंदावलेली. डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि सांगितलं की नस सुरक्षित आहे, हा आता बहुधा असाच राहील. काकू कामावर रुजू झाली. पहिल्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ काचेशी आले आणि विचारायला लागले, "त्या आधीच्या बाई कुठे गेल्या हो?" काकू म्हणाली, "बदली झाली त्यांची." हे तिने आम्हाला हसत सांगितलं. आम्ही हसलो. पण गाण्याचा विषय काढला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. एकदा मी जरा जास्तच मागे लागले, तर म्हणाली, "ताईने माझा आवाज मागितलाय. हा कुणाचा आहे कोण जाणे." आणि नळ मोठा सोडला.

ताईचे दिवस भरत आले. वर्कस्टेशनवर पुन्हा चादर पडली. मला त्या चादरीकडे बघवत नसे.

एका रविवारी दुपारी मी गेले तर चादर काढलेली आणि काका फ्लॉप्यांचा डबा उपसत बसलेला. काकू आत भांडी लावत होती. काकाच्या हाताला "चाचणी, पंखा" लागली. त्याने ती फटीत सरकवली. मशीन बराच वेळ खरखरलं. मग त्याने मधली पट्टी दाबली.

"अहो, आवाज येतोय का? आधी तो पंखा बंद करा, सगळं फडफडतंय!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. घरात तो आवाज दोन महिन्यांनी येत होता. काकू दारात येऊन उभी राहिली, हातात ओलं फडकं. मला वाटलं, ही आता रडणार, काकालाही कुठून दुर्बुद्धी सुचली.

काकाने तिच्याकडे बघितलं नाही. त्याने एक पट्टी खाली बोट ठेवलं. तोच प्रश्न, किंचित जाड. नाही म्हणून मान हलवली. आणखी एक पट्टी खाली.

"अहो, आवाज येतोय का?"

मी चमकून काकूकडे बघितलं. ती बोललीय असंच मला वाटलं. तोच सूर, तीच सावकाश गती, तोच शेवटी येणारा हेल. आज, आत्ता, भांडी लावता लावता ती जशी बोलत होती, हुबेहूब तशी.

काकाने पुन्हा दाबलं. "अहो, आवाज येतोय का?"

"येतोय!" काकू म्हणाली. आणि तिचं ते "येतोय" मशीनच्या आवाजात असं मिसळलं की दोघी एकाच माइकवर उभ्या आहेत असं वाटावं. तिने तोंडावर फडकं धरलं.

"बघ," काका म्हणाला. "तू कुठे गेली नाहीस. दोन मजले खाली उतरलीयस फक्त. बाई तीच आहे, आणि पंखाही तोच."

"आणि वर नाही का यायचं आता?"

"कशाला? मी खाली येतो की."

त्याने गाणं लावलं आणि एक बटण दाबून सगळी वाद्यं दोन पट्ट्या उतरवली. व्हायोलिन उतरलं, गिटार उतरली. काकू फडकं हातात धरूनच माइकसमोर गेली. पंखा मी न सांगता बंद केला आणि प्लगपासून चार हात दूर, भिंतीला पाठ लावून बसले. काकू गायला लागली. पहिल्या ओळीत थोडी चाचपडली, दुसऱ्यात तिला जमीन सापडली. त्या उतरलेल्या आवाजात ती अंगाई अशी काही ऊबदार वाटत होती की शाळेच्या भिंतीपर्यंत मला जांभई आली. मी हे सांगितलं तर काकू म्हणाली, "मग बरोबर चाललंय."

दोन रविवार लागले. दुसऱ्या रविवारी चार वाजता काका सेव्ह करायला बसला. गाण्याचं वेगळं, आवाजाचं वेगळं. मशीन एकेक फ्लॉपी मागायचं आणि तो नंबर घातलेली फ्लॉपी हातात तयार ठेवून द्यायचा. काकू १, काकू २, काकू ३. दहा फ्लॉप्या झाल्या. "आणि ही अकरावी," म्हणून त्याने पंख्याची फ्लॉपीही त्याच डब्यात ठेवली. मग उठला, स्वतःच्या हाताने स्विच बंद केला, आणि दहापर्यंत मोजून पुन्हा चालू केला. एकेक फ्लॉपी परत पोटात घालायला पाऊण तास गेला. आम्ही तिघं चहाही न पिता त्या फटीकडे बघत बसलो होतो. मग व्हायोलिन आलं, ड्रम आले, आणि पाण्याची टाकी आली. काका शेवटच्या थांब्यापर्यंत हलला नाही.

"वर-खाली जाऊन आलो," तो म्हणाला.

मग त्याने गाणं माझ्या लॅपटॉपवर उतरवू दिलं, आणि ते उतरत असताना आम्हा दोघींना चहा टाकायला आत पिटाळलं. लॅपटॉप यावेळी बॅटरीवर होता. सीडी गेली. ती पोचायच्या आधीच ताईला मुलगी झाली, आणि बाराव्या-तेराव्या दिवशी दुपारी काकाकडे फोन आला. मी तिथेच होते. काकाने स्पीकरचं बटण दाबलं.

"झोपली," ताई कुजबुजत होती. "जुन्या पुलावरच गेली, माझ्यासारखी. आई, किती छान गायलीस गं."

"आवाज बदललाय ना पण," काकू म्हणाली.

"बदललाय?" ताई म्हणाली. "मी झोपेत ऐकायचे तेव्हा तू अशीच वाटायचीस. पण ते शेवटी काय आहे? गाणं संपतं, मग थोडी शांतता, आणि मग तू…"

काकूने काकाकडे बघितलं. मीही बघितलं. हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. काका खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होता. आम्ही आत चहा टाकत असताना शेवटच्या थांब्यानंतर त्याने अकराव्या फ्लॉपीतला तुकडा लावून दिला होता, मधल्या पट्टीवर, जसाच्या तसा, काही न उतरवता.

"काय म्हणते मी?" काकूने विचारलं.

"म्हणतेस, अहो, आवाज येतोय का?" पलीकडे ताई हसत होती की रडत होती ते कळेना. "आई, येतोय गं. अगदी इथपर्यंत येतोय."